लेथशेजारचा संगणक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचे टर्निंग (लेथवरचे कातकाम) करून देणे हा त्यांचा मुख्य धंदा. जॉबचे ड्रॉइंग पडद्यावर दिसावे आणि कोणता जॉब किती वाजता लावला व किती वाजता उतरवला याची नोंद राहावी, एवढ्यासाठी मी तेथे एक रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच लहान बोर्डावरचा संगणक, बसवला. माझ्याकडे पडून असलेला हा संगणक २०१६ साली बाजारात आलेल्या ‘थ्री मॉडेल बी’ प्रकारचा, एक जीबी मेमरीचा आहे. २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीत चालू-बंद करण्याचे बटण आणि घड्याळाचे सर्किट मुळातच दिलेले आहे. जुन्यात दोन्ही नाही, आणि मला पुढे जो काही उद्योग करावा लागला तो याच दोन उणिवांमुळे.

संध्याकाळी शेड बंद करताना मामा मेन स्विच खाली ओढतात. तीस वर्षांची सवय आहे ती, आणि लेथला त्याने काही होत नाही. संगणकाच्या मेमरी कार्डावर मात्र त्याच क्षणी काहीतरी लिहिले जात असेल तर फाइल अर्धवट राहते. महिन्याभरात एक कार्ड असे बिघडलेच. घड्याळाचा घोळ त्याहून मजेशीर होता. इंटरनेट नसेल तेव्हा हा संगणक मागे साठवून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो, त्यामुळे सकाळी नऊला लावलेला जॉब नोंदवहीत आदल्या रात्री लावलेला दिसे. "रात्री भुतं लेथ चालवत्यात व्हय रं?" असे मामांनी विचारले, तेव्हा मला सोल्डरिंगची पेटी काढावी लागली.

घड्याळासाठी डीएस ३२३१ या चिपचे तयार मोड्यूल घेतले. या चिपमध्ये स्फटिक आतच असतो आणि तापमानानुसार त्याची दुरुस्ती होत राहते, त्यामुळे वर्षाकाठी चूक साधारण एका मिनिटापलीकडे जात नाही. ही स्वस्त मोड्यूले वापरणाऱ्याने एक गोष्ट जरूर पाहावी. त्यांपैकी पुष्कळांवर बॅटरी चार्ज करण्यासाठी एक डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) आणि २०० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा भाग) बसवलेला असतो. पण आपण त्यात घालतो तो सीआर २०३२ हा बटणासारखा सेल चार्ज करण्याजोगा नसतो, आणि मोड्यूलला पाच व्होल्ट दिले तर तो फुगण्याची भीती असते. मी मोड्यूल ३.३ व्होल्टवर चालवले, कारण या संगणकाच्या पिनांना त्याहून अधिक व्होल्टेज सोसत नाही. तरीही तो रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने काढूनच टाकला.

मोड्यूलने जीपीआयओ, म्हणजे बाहेरची उपकरणे जोडण्याच्या पिनांपैकी, दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना घेतल्या, म्हणून संगणक बंद करण्याचे बटण मी सतरा क्रमांकाच्या पिनेवर दिले. ते दाबले की पिन ग्राउंडला जोडली जाऊन तिचे व्होल्टेज पडते; तसे पडताक्षणी संगणक बंद करणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. घरच्या टेबलावर हे अगदी बिनतक्रार चालले. वर्कशॉपमध्ये मात्र दिवसातून दोन-तीन वेळा संगणक आपला आपण बंद पडू लागला. मी पॉवर सप्लाय बदलला, कार्ड बदलले, पुन्हा डाग दिले; फरक पडला नाही. दोष शेवटी सापडला तो लेथवरच्या कारागिराला. "कंप्रेसर लागला की ह्यो झोपतोय बघा," एवढेच तो म्हणाला.

बटणाची दोन मीटर लांब वायर मी नीटनेटकेपणाच्या हौसेने कंप्रेसरच्या स्टार्टरकडे जाणाऱ्या केबललाच पट्ट्यांनी बांधली होती. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) लागताना किंवा सुटताना होणारी विजेची उसळी शेजारच्या वायरीत उतरत होती. सतराव्या पिनेला वर धरून ठेवणारा रेझिस्टर चिपच्या आतला, सुमारे ५०,००० ओहमचा, म्हणजे अगदीच दुबळा. त्यामुळे क्षणभराची ती उसळी पिनेला खाली ओढायला पुरेशी ठरे आणि माझा उतावळा प्रोग्राम तेवढ्यावरच संगणक बंद करून टाके.

त्यातच दुसरीही अडचण होती. बंद झालेला संगणक बटणाने पुन्हा चालू होत नसे. पॉवर सप्लायची वायर काढून परत लावावी लागे. या मॉडेलमध्ये बंद अवस्थेतून जागे करण्याची सोय जीपीआयओ तीनवर आहे, आणि ती पिन तर घड्याळाने अडवलेली. तेव्हा मी जागांची अदलाबदल केली. घड्याळ तेवीस आणि चोवीस या पिनांवर नेले, कारण संगणकाच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहिली की घड्याळाशी होणारा तोच संवाद सॉफ्टवेअरच्या मदतीने इतर पिनांवरही करता येतो. मोकळ्या झालेल्या तीन क्रमांकाच्या पिनेवर बटण आणले. या पिनेला बोर्डावरच १,८०० ओहमचा रेझिस्टर आहे, म्हणजे पकड पूर्वीच्या पंचवीस पटींहून घट्ट. माझा प्रोग्राम रद्द करून सिस्टिममध्ये असलेली बटणाची सोय वापरली, जी एक दशांश सेकंद स्थिर दाबल्याशिवाय बटण दाबले असे मानतच नाही. वायर पिळून वेगळ्या वाटेने नेली आणि बटणाच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. यांपैकी नेमक्या कोणत्या उपायाने गुण आला हे एकेक करून तपासायला हवे होते, पण मामांचा धीर सुटत चालला होता. त्यानंतर कंप्रेसर कितीही वेळा लागला तरी संगणक झोपला नाही.

मेन स्विच कधी ओढायचा हे कळण्यासाठी एक लाल एलईडी ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून जीपीआयओ चौदावर दिला. सीरियल पोर्ट चालू ठेवला की ही पिन संगणक जागा असेपर्यंत वर राहते आणि पूर्ण बंद झाल्यावर खाली येते. दिवा विझला की स्विच ओढायचा, एवढे मामांना पटले.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याचे काम सोपे वाटले होते, पण तो चालू-बंद करायला मी हाताशी होता म्हणून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आणि पंख्याची भूक १५० ची. ट्रान्झिस्टर तापून गेला. मग टूएन २२२२ घातला, बेसला ६८० ओहम आणि पंख्याला उलटा डायोड दिला. प्रोसेसर साठ अंशांवर गेला की पंखा लागतो आणि पन्नासच्या खाली आला की थांबतो. मे महिन्यात पत्र्याखाली तो थांबलेला मात्र मी पाहिलेला नाही. बीडाचा काळा भुगा वीज वाहून नेतो, म्हणून संगणकाच्या डब्याच्या तोंडाला फोमचा तुकडा लावला आहे आणि तो दर आठवड्याला झटकावा लागतो.

जॉब चालू असताना वीज गेली तर काय, हे अजून राहिले आहे. पॉवर बँक मध्ये घालून, चार्जरचे पाच व्होल्ट १०,००० आणि १५,००० ओहमच्या दोन रेझिस्टरांनी तीन व्होल्टवर आणायचे आणि एका पिनेला द्यायचे. ते अर्धा मिनिट गायब राहिले तरच संगणकाने आवराआवर करायची. सर्किट झिरो पीसीबीवर (नुसती भोके असलेल्या कोऱ्या बोर्डावर) जोडून तयार आहे. या खेपेला ते वर्कशॉपमध्ये लावण्याआधी आठवडाभर कंप्रेसरशेजारी नुसतेच ठेवणार आहे.