पंधराचा हिशोब

शेजारच्या आजोबांनी शिडी लावून पन्हळीला कॉर्कचा लाल-पांढरा झेंडा बांधला तेव्हा २०२५चा एप्रिल होता. आयर्लंडच्या हर्लिंग लीगच्या फायनलमध्ये आमच्या कॉर्क काउंटीने टिपररी काउंटीला दहा गुणांनी हरवलं होतं. "या वर्षी कप आपलाच," म्हणाले. कप म्हणजे हर्लिंगच्या देशविजेत्यांचा लिअम मॅकार्थी कप. तो कॉर्कला त्याआधी शेवटचा मिळाला होता २००५ मध्ये. त्यानंतर २००६, २०१३, २०२१, २०२४ अशा चार फायनल हरले, चोवीसची तर एका पॉइंटने. अशा गावात बोलताना जरा जपूनच बोलावं लागतं.

माझा मुलगा इथल्या क्लबात हर्लिंग खेळतो, म्हणून मला हे सगळं पाठ. हातात हर्ली, म्हणजे अ‍ॅशच्या लाकडाची काठी, पंधरा-पंधरा जण, सत्तर मिनिटं. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आडव्या दांड्यावरून गेला तर एक पॉइंट. स्कोअर ४-२७ असा लिहितात, आधी गोल, मग पॉइंट. पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी मनातल्या मनात तीनचा पाढा म्हणायचे. आणि एवढं सगळं बिनपगारी! सोमवारी सकाळी प्रत्येकजण आपापल्या कामावर.

२७ एप्रिलला पार्क ई क्वीववर, म्हणजे कॉर्कच्या घरच्या मैदानावर, परत टिपररी आली. सामना सुरू व्हायच्या आधी चिरंजीवांना शू लागली. रांगेतून परत येतो तर टिपररीचा एक माणूस कमी! डॅरा मॅकार्थी, एकोणीस वर्षांचं पोरगं, चेंडू पडायच्या आधीच हर्ली मारल्याबद्दल लाल कार्ड घेऊन बाहेर. आम्ही काही पाहिलंच नाही. कॉर्क ४-२७, टिपररी ०-२४. करा हिशोब, पंधराने. मला त्या पोराची दया आली, पण त्या गर्दीत ते बोलायची सोय नव्हती.

जूनमध्ये लिमरिकला त्यांच्याच घरी पेनल्टीवर हरवून कॉर्कने मन्स्टर प्रांताचं विजेतेपद जिंकलं. लिमरिकची सलग सहा वर्षांची सद्दी संपली. सेमीफायनलला डब्लिनवर सात गोल. तोवर गल्लीत लाल रंग नसलेलं घर आमचंच उरलं होतं. शेवटी मी जुनी लाल ओढणी खिडकीला लावली.

२० जुलै, डब्लिनच्या क्रोक पार्कवर कपाची फायनल. समोर पुन्हा टिपररी. आजोबा आमच्याकडे, मी भज्यांचं पीठ कालवून तयार. दुपारचे साडेतीन, वाईला रात्रीचे आठ, त्यामुळे आई व्हिडिओ कॉलवर. हाफटाइमच्या तोंडावर शेन बॅरेटचा गोल, कॉर्क सहाने पुढे. आजोबांनी स्वतःहून तिसरी प्लेट मागितली. आई म्हणाली, "अगं, जिंकले का?" मी म्हटलं, "जवळजवळ."

हा 'जवळजवळ' मला अजून टोचतो.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्कने किती केले? दोन पॉइंट. पस्तीस मिनिटांत दोन! टिपररीने ३-१४. जॉन मॅग्राचे दोन गोल. ओवेन डाउनीला लाल कार्ड, त्या पेनल्टीवर गोल कुणाचा, तर त्याच डॅरा मॅकार्थीचा. एकट्याने १-१३. कॉर्कला पेनल्टी मिळाली ती टिपररीचा गोलकीपर रिस शेलीने अडवली, आणि वर स्वतः लांबून एक पॉइंट मारला. गोलीने! मी दुसरा घाणा तळायला गेले होते. परत आले तर खोलीत कुणी बोलत नव्हतं. आजोबा हातातल्या भज्याकडे बघत होते. आईला काहीतरी कळलं असावं. तिने आवाज न करता फोन बंद केला.

टिपररी ३-२७, कॉर्क १-१८. आजोबांनी कागदी रुमालावर बेरीज केली, छत्तीस उणे एकवीस. "पंधरा," म्हणाले. "एप्रिलमध्ये दिले तेवढेच. सुटे पैसेसुद्धा राहिले नाहीत." उरलेली भजी डब्यात भरून घेतली आणि गेले.

सोमवारी संध्याकाळी डबा धुऊन परत आला, आत त्यांच्या परसातले बटाटे. झेंडा तसाच होता. अंगणात आमचा लाल जर्सीतला पोरगा गॅरेजच्या दाराला गोल समजून उभा, आणि बहिणीला ओरडून सांगतोय, "मार पेनल्टी! मी रिस शेली!"

कुंपणापलीकडे कात्री थांबली. "ए," आजोबा म्हणाले, "या गल्लीत ते नाव ख्रिसमसपर्यंत बंद."

मग थोड्या वेळाने, कात्री न चालवताच, "हर्ली जरा खाली धर. तो खाली धरतो."