कार्यालय आणि घर यांसाठी एकच घडीचा चाकू : बारा आठवड्यांच्या नोंदी

कार्यालयात टेबलावर काढला तरी कोणी दचकणार नाही आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरापासून अवजारांच्या खणापर्यंत कुठेही कामाला येईल, असा एकच घडीचा चाकू खिशासाठी निवडायचा, असे ठरवून मी बारा आठवड्यांपूर्वी एक वही घातली. तोवर माझी निवड पोलादाचे नाव आणि कुलपाचा, म्हणजे उघडलेले पाते आपोआप मिटू न देणाऱ्या अडसराचा, प्रकार पाहून होत असे. या वेळी क्रम बदलला. आपण प्रत्यक्षात काय कापतो ते आधी लिहून काढायचे आणि मगच चाकूंकडे वळायचे, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला.

पहिला आणि दुसरा आठवडा

चाकू बाहेर काढला की वहीत एक ओळ लिहायची : काय कापले, कुठे कापले, किती ओढींत कापले गेले आणि शेजारी कोणी होते का. चौदा दिवसांत ६३ नोंदी झाल्या. त्यांतल्या ४१ नोंदी खोक्यांवरची चिकटपट्टी, पुठ्ठा आणि पाकिटे यांच्या होत्या. उरलेल्यांत प्लॅस्टिकचे बंद, कपड्यांवरच्या खुणपट्ट्या, सुटलेले दोरे, दोन पेन्सिली आणि काही फळे होती. ६३पैकी ६२ कामांना ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागले नाही. एकच फळ मोठे होते, ते घरी कापले, आणि तिथे हाताशी स्वयंपाकाची सुरी होतीच. एका हाताने उघडण्याची गरज तर एकदाही पडली नाही, हे वही चाळताना माझ्या लक्षात आले आणि इतकी वर्षे मी ज्या गुणासाठी चाकू निवडत आलो, त्याचा पुन्हा विचार करावा लागला.

त्या वेळी माझ्या खिशात ९ सेंटिमीटर पात्याचा, पाठीला जवळजवळ ४ मिलिमीटर जाड असलेला, फ्रेम लॉकचा चाकू होता. फ्रेम लॉकमध्ये मुठीच्याच एका बाजूचा धातू पट्टीसारखा कापून आत वाकवलेला असतो आणि पाते पूर्ण उघडले की ती पट्टी पात्याच्या बुडामागे येऊन बसते. रचना भक्कम आणि सुंदर आहे, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण दुसऱ्या आठवड्यात बैठकीच्या खोलीत एक पार्सल उघडण्यासाठी मी तो अंगठ्याने उघडला, पाते ‘टक्’ असा आवाज करून जागेवर बसले आणि समोरच्या सहकारी बाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्यांना भीती वाटली हे मला मनापासून लागले. कार्यालयातल्या चाकूला आवाज नसावा, तो दोन्ही हातांनी सावकाश उघडावा आणि त्याची क्लिप खिशाबाहेर दिसू नये, ही तिन्ही वाक्ये त्याच संध्याकाळी वहीत उतरली.

दुसरी गोष्ट घरी कळली. त्या चाकूची धार हातावरचे केस उतरवत होती, तरीही कडक फळ कापताना पाते अर्ध्यापर्यंत सुखाने जाई आणि मग फळ कापले जाण्याऐवजी ‘कट्’ आवाज करून फुटे. फुटलेला भाग खडबडीत दिसे, कापलेला गुळगुळीत, आणि दोहोंमधली रेषा डोळ्यांना स्पष्ट दिसे. व्हर्नियर कॅलिपरने धारेच्या उताराच्या, म्हणजे धार लावताना तिरक्या घासलेल्या अरुंद पट्टीच्या, लगेच मागे पात्याची जाडी मोजली, ती ०.९ मिलिमीटर भरली. माझ्या स्वयंपाकाच्या सुरीची त्याच जागची जाडी ०.३ होती. धार म्हणजे फक्त सुरुवातीची रेघ असते. ती रेघ आत शिरल्यावर मागून येणारे पोलाद पाचरीसारखे वस्तू फाकवत पुढे जाते. पाचर जाड असेल, तर कितीही धार लावली तरी हाताला जोर लावावाच लागतो, आणि जोर लावलेला हात निसटतो तेव्हाच इजा होते. पोलादाच्या गुणांवर आपण जेवढे बोलतो त्याच्या निम्मेही या एका मापावर बोलत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

तिसरा ते पाचवा आठवडा

आता पातळ पाते, दोन हातांनी उघडणे आणि ६ सेंटिमीटरच्या आसपास लांबी, या तीन अटी होत्या. म्हणून व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर ८४ मिलिमीटर लांब असणारा, अॅल्युमिनियमच्या खवलेदार मुठीचा ‘कॅडेट’ खिशात ठेवला. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्यशाळा काढली आणि १८९७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठीच्या बहुअवजारी चाकूची नोंदणी करून घेतली. कॅडेटची मांडणी त्याच परंपरेतली आहे. याचे वजन ५० ग्रॅमच्या आत आहे, त्यामुळे शर्टाच्या खिशालाही तो ओढत नाही.

हा स्लिपजॉइंट प्रकारचा चाकू आहे. त्यात कुलूप नसते. मुठीच्या पाठीशी असलेली स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब धरते आणि त्या दाबानेच पाते उघडे किंवा बंद राहते. कुलपाची सवय झालेल्या हाताला हे समजून घ्यायला वेळ लागतो, आणि मला तो धडा चौथ्या आठवड्यात मिळाला. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे सीलबंद पाकीट उघडताना मी टोक खुपसले, टोक अडकले, हात पुढे गेला आणि पाते तर्जनीवर मिटले. जखम उथळ होती, पण चूक पूर्णपणे माझी होती. स्लिपजॉइंटने खुपसायचे नसते. अशा पाकिटाची कड अंगठ्याने किंचित वाकवावी, पात्याचा मुठीजवळचा भाग त्या कडेवर टेकवावा आणि चाकू आपल्यापासून दूर जाईल अशा दिशेने ओढावा. या हालचालीत सगळा जोर पाते उघडे ठेवण्याच्या बाजूनेच पडतो. त्या दिवसापासून अशी ११ पाकिटे याच पद्धतीने उघडली आणि पाते एकदाही हलले नाही.

धारेबद्दल सविस्तर लिहायला हवे. या पात्याचे पोलाद रॉकवेल सी मापावर साधारण ५५-५६ इतके कठीण असते, आणि आपल्या चाकूशौकिनांतले बरेच जण त्याला मऊ म्हणून बाजूला सारतात. पुठ्ठ्यावर ते लवकर बोथट होते, हे खरे आहे. पुठ्ठ्यात बारीक खनिज कण असतात आणि ते धार घासतात. धार किती टिकते हे मोजण्याच्या आयएसओ ८४४२-५ या प्रमाणित चाचणीतही ५ टक्के सिलिका मिसळलेल्या कागदी पट्ट्याच कापून पाहतात, त्यावरून कागदाची ही बाजू किती कठोर आहे ते कळेल. पण कार्यालयात दिवसाला तीन-चार खोकी कापणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा पाच मिनिटे दगडावर धार लावत बसणे जड नाही. माझ्या जुन्या चाकूचे डी-२ नावाचे पोलाद याच्या कितीतरी पट धार धरून ठेवते, मात्र बोथट झाल्यावर त्याने माझी अख्खी संध्याकाळ घेतली होती. शिवाय डी-२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते पुरते गंजरोधक नाही, कारण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडच्या कठीण कणांत अडकून पडते आणि गंज अडवायला मोकळे उरत नाही. फळ कापून तसाच ठेवलेल्या पात्यावर ठिपके उठले, तेव्हा हे वाचलेले ज्ञान डोळ्यांनी पाहिले.

सहावा ते नववा आठवडा

पातळपणाचा निकष शेवटपर्यंत नेऊन पाहावा म्हणून ६ क्रमांकाचा ओपिनेल घेतला. जोझेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० मध्ये घडवलेल्या या चाकूचे रूप आजही जवळपास तेच आहे. पाते उघडे धरून ठेवणारी फिरती कडी तेवढी १९५५ मध्ये आली. मी कार्बन पोलादाचे पाते निवडले. धारेमागची जाडी ०.२५ मिलिमीटर भरली. पहिलेच फळ कापताना हाताला काही लागलेच नाही, फक्त पाते खाली पोहोचल्याचा हलका आवाज आला. निव्वळ कापण्याच्या बाबतीत या बारा आठवड्यांत याच्या जवळपास दुसरे कोणी आले नाही, हे स्वच्छपणे नोंदवतो.

तरीही तो कार्यालयात टिकला नाही. पाते उघडा, कडी फिरवा, कापा, कडी उलटी फिरवा, पाते मिटा, हा क्रम घरी आनंदाचा वाटतो, पण फोन कानाशी धरून पाकीट उघडताना अडचणीचा ठरतो. कार्बन पोलादावर फळाच्या आंबट रसाने दोन दिवसांत निळसर राखाडी छटा चढली. ती मला आवडते आणि पुढच्या गंजाला थोडा आळाही घालते, परंतु पाते धुऊन लगेच कोरडे करण्याची सोय कामाच्या जागी नेहमीच नसते. सातव्या आठवड्यात धुतल्यानंतर बीच लाकडाची मूठ फुगली आणि पाते नखाने निघेना. तेव्हा मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर हलकेच आपटण्याची जुनी रीत कामी आली : दोन ठोक्यांत पाते बाहेर डोकावले. मूठ पूर्ण सुकेपर्यंत दीड दिवस गेला. नंतर मी बिजागरीच्या खाचेत जवसाचे तेल मुरवले, आणि तेव्हापासून तो त्रास झालेला नाही.

ज्यांना प्रवास असतो त्यांच्यासाठी एक मुद्दा. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपर्यंत धार असलेला आणि कुलूप नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. कुलूप असले की ही सवलत जाते. जर्मनीत एका हाताने उघडणाऱ्या आणि कुलूपबंद होणाऱ्या चाकूंवर बाळगण्याचे निर्बंध आहेत. आपल्या ठिकाणचा कायदा आणि कार्यालयाचा नियम आधी पाहावा, आणि विमानप्रवासात चाकू हातातल्या सामानात ठेवू नये.

दहावा ते बारावा आठवडा

निवड कॅडेटवर झाली आणि ओपिनेल घरच्या खणात कायमचा राहिला. एकच चाकू दोन्हीकडे, हा मूळ हेतू खिशापुरता पाळला गेला, याचे मला समाधान आहे.

दहाव्या आठवड्यात कॅडेटच्या धारेचा कोन बदलला. मूळ कोन माझ्या मोजणीत प्रत्येक बाजूला २० अंशांच्या जवळ होता, तो १५ वर आणायचे ठरवले. धारेच्या उतारावर काळ्या मार्करची शाई लावायची, धार लावायच्या १००० क्रमांकाच्या (हा आकडा कणांच्या बारीकपणाचा) दगडावरून पाते दोनदा ओढायचे आणि शाई कुठे पुसली गेली ते उजेडात पाहायचे. फक्त वरच्या, म्हणजे पाठीकडच्या, बाजूची शाई गेली, तर कोन कमी धरला आहे आणि धारेच्या रेघेला दगड लागलेलाच नाही. संपूर्ण उतार साफ होऊन दुसऱ्या बाजूला नखाला अडणारी पोलादाची बारीक किनार जाणवली की बाजू पालटायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर प्रत्येक बाजूने दहा ओढी दिल्या. पहिल्यांदा टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग माझ्याकडून राहून गेला, कारण पाते वळते तिथे मूठ थोडी उचलावी लागते. दुसऱ्या बैठकीत तो साधला.

परिणाम असा. पूर्वी २५ खोक्यांनंतर छपाईचा कागद कापताना पाते अडखळत असे, आता ते ३४ खोक्यांनंतर अडखळले. पोलाद तेच, हात तोच, फक्त कोन उतरला. धार वाकलेली किंवा तुटलेली कुठे दिसली नाही, पण प्लॅस्टिकचे जाड बंद कापताना मी पाते तिरके होऊ देत नाही, हेही त्यामागे असावे. चिकटपट्टीचा गोंद पात्यावर साचतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो आणि महिन्यातून एकदा बिजागरीतला खिशाचा कचरा काढून खनिज तेलाचा एक थेंब सोडतो.

आज बाराव्या आठवड्याच्या शेवटी वहीत ३८८ नोंदी आहेत. दोन गोष्टी अजून तपासायच्या राहिल्या आहेत : १५ अंशांची धार प्लॅस्टिकच्या बंदांवर आणखी महिनाभर टिकते का, आणि सरळ धारेचे व खाली झुकलेल्या पाठीचे, म्हणजे शीप्सफूट घडणीचे पाते चिकटपट्टीसाठी अधिक सोयीचे पडते का. तसा एक स्लिपजॉइंट मिळाला आहे. त्याची धारेमागची जाडी ०.४५ मिलिमीटर भरली, आणि सोमवारपासून तो खिशात असेल.