तीन मशीन, एक पोर्ट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची पोरं भेटली की प्रश्न ठरलेला: सर, ऑफिसात विंडोज, हातात मॅक, मग फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्सचं काम करता कुठे?

लिहितो कुठेही, बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं, मात्र एकाच ठिकाणी. सांगलीच्या घरी एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी आहे, तिथे एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे लॉगिन करून, जातो. पोर्ट म्हणजे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर उतरवून, जुळवून, बसवण्याची कृती: एक मेकफाइल (मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमला सूचना), मूळ फाइलचा एसएचए-२५६ (फाइल तीच आहे ना हे पटवणारा ठसा) आणि आकार, थोडं वर्णन, गरज पडली तर पॅच, म्हणजे मूळ कोडमधले बदल. १९९४ पासून अशा कृती साठत आल्यात, आज तीस हजारांवर आहेत. सगळा मजकूर साधा, त्यामुळे कुठलाही एडिटर चालतो.

पण विंडोजवर गिटची (फाइलींमधले बदल सांभाळणारा प्रोग्रॅम) ऑटोसीआरएलएफ सेटिंग आधी बंद करा. नाहीतर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटतं आणि मेक भलत्याच जागी बोट दाखवतो. टॅबच्या जागी स्पेस घालणाऱ्या एडिटरलाही आवरा. शिवाय सेड या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल जागच्या जागी बदलायची कमांड मॅक आणि फ्रीबीएसडीवर एका तऱ्हेने लिहावी लागते, डब्ल्यूएसएलमधल्या, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या, लिनक्सवर दुसऱ्या.

तिन्ही मशीनना एकच फोल्डर शेअर करून देऊ नका. पोर्ट्सच्या आपल्या प्रतीवर, म्हणजे फोर्कवर, वेगळी ब्रँच करा, इथून बदल वर पाठवा (पुश), तिथे उतरवून घ्या (पुल). २०२१ पासून पोर्ट्सचं झाड, म्हणजे सगळ्या पोर्ट्सचा साठा, गिटवरच आहे. नेट मंद असेल तर पूर्ण इतिहास न घेता उथळ क्लोन घ्या.

खरी परीक्षा पूद्रिएरची, म्हणजे पोर्ट बिल्ड करून तपासणाऱ्या प्रोग्रॅमची. तो दर वेळी कोरी जेल (बाकी सिस्टिमपासून वेगळी खोली) उभी करतो आणि मेकफाइलमध्ये लिहिलेल्याच डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी इतर सॉफ्टवेअर, आत घालतो. आपल्या मशीनवर चार लायब्ररी आधीच पडलेल्या असतात. एखादी लिहायची राहिली तरी तिथे बिल्ड होतं, आणि ‘माझ्याकडे चालतंय की’ हे वाक्य जन्माला येतं. पूद्रिएर ते चालू देत नाही. बिल्ड चालू असताना नेटही बंद ठेवतो. म्हणून रस्ट या भाषेतल्या सॉफ्टवेअरचा पोर्ट असेल तर लागणाऱ्या सगळ्या क्रेट्सची (रस्टच्या लायब्ररींची) यादी आधी मेकफाइलमध्ये द्यावी लागते. ती हाताने लिहीत बसू नका, मेकचं कार्गो-क्रेट्स टार्गेट काढून देतं. हे सगळं टीमक्समध्ये चालवा (टर्मिनलचं सत्र मागे जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम), एसएसएच तुटलं तरी बिल्ड थांबत नाही. वीज गेली तर मात्र थांबतं, पण तयार झालेली पॅकेजेस पुन्हा बनवावी लागत नाहीत.

सुरुवातीला कुणी वाली नसलेला पोर्ट धरा. मेंटेनरच्या (पोर्ट सांभाळणाऱ्याच्या) जागी पोर्ट्सच्या मेलिंग लिस्टचाच पत्ता दिसला की तो तसला समजा. पोर्टमधल्या चुका दाखवणारा पोर्टलिंट चालवा, गिटच्या फॉरमॅट-पॅचने बदलांची फाइल काढा, फ्रीबीएसडीच्या बगझिलावर (तक्रारी आणि बदल नोंदवायची साइट) लावा. मेंटेनर असेल तर त्याला उत्तरासाठी दोन आठवडे असतात, त्यानंतर कमिटर (झाडात बदल घालायचा अधिकार असलेला माणूस) त्याच्यावाचून पुढे जाऊ शकतो. तेवढ्यात रोज आठवण करून देऊ नका. दुसरा पोर्ट घ्या.