क्लोरीन नको, हायड्रोजनपासून सुरू करा

नववीचं पुस्तक समस्थानिकांसाठी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंसाठी, बहुधा क्लोरीन घेतं. अणूंची वस्तुमानं ३५ आणि ३७, तीनास एक प्रमाण, सरासरी ३५.५, झालं. बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या घरी शिकायला येणाऱ्या मुलांना हे गणित पटकन सुटतं. पण अणूच्या केंद्रकात नक्की काय बदललं, असं विचारलं की सगळी गप्प. म्हणून मी हायड्रोजनपासून सुरू करते. आपल्या बडोद्यात तर दुसरं उदाहरण शोधायलाच नको.

साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो. त्याला एक न्यूट्रॉन मिळाला की झालं ड्यूटेरियम. प्रोटॉन एकच, म्हणून इलेक्ट्रॉनही एकच, म्हणून मूलद्रव्य तेच. वस्तुमान मात्र दुप्पट. क्लोरीनमध्ये दोन न्यूट्रॉन वाढूनही जेमतेम सहा टक्के फरक पडतो. इथे तो ढळढळीत दिसतो: ड्यूटेरियमचं जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं, १०१.४ ला उकळतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. बर्फ बुडतो म्हटलं की मागच्या रांगेतलीही मान वर करतात.

निसर्गात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा. तो वेगळा काढायचा तर हायड्रोजन प्रचंड प्रमाणात हवा, आणि बडोद्याच्या फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात अमोनियासाठी तो होताच. म्हणून सत्तरच्या दशकात त्याच्या शेजारी जड पाण्याचा कारखाना उभा राहिला. थंड द्रव अमोनियातून हायड्रोजन वायू नेला, सोबत पोटॅशियम अमाइड हे उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारं) असलं, की ड्यूटेरियम वायू सोडून अमोनियात जाऊन बसतं. असं टप्प्याटप्प्याने त्याचं प्रमाण वाढवत न्यायचं. ‘समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात’ हे वाक्य मुलं घोकतात. ते शंभर टक्के खरं असतं, तर हा कारखाना चाललाच नसता! हे मी दरवर्षी सांगते, आणि सांगताना दरवर्षी मला तितकाच आनंद होतो.

यंदा एका मुलीने विचारलं, “टीचर, न्यूट्रॉनवर प्रभारच नाही, मग तो प्रोटॉनला चिकटतो कशाला?” फार मोलाचा प्रश्न. केंद्रकातलं बल विद्युत प्रभाराकडे बघतच नाही. ते अतिशय जोरदार असतं, पण कणांमधलं अंतर थोडं वाढलं की संपतं. नुसते दोन प्रोटॉन मिळून केंद्रक होत नाही. तिथे सारख्या प्रभारांचं प्रतिकर्षण आहे, म्हणजे ते एकमेकांना दूर ढकलतात, हे मुलांना लगेच पटतं. पण नुसते दोन न्यूट्रॉनही एकत्र टिकत नाहीत, आणि त्यांच्यात तर प्रतिकर्षणच नाही! दोघांचीच जोडी टिकते ती फक्त प्रोटॉन-न्यूट्रॉनची.

मग न्यूट्रॉन वाढवत गेलं तर? ट्रिटियममध्ये एका प्रोटॉनला दोन न्यूट्रॉन असतात आणि ते किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं. त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि उरतं हेलियम-३, जे स्थिर आहे. कण तीनचे तीनच, पण मूलद्रव्य बदललं.

हॅरॉल्ड युरी यांनी ड्यूटेरियम शोधलं १९३१ साली. चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. म्हणजे जड हायड्रोजन हाती आला, तेव्हा त्याला जड करणारा कण कोणाला माहीतच नव्हता. हा क्रम मुलांना जरूर सांगा. पुस्तकात न्यूट्रॉन आधी येतो, त्यामुळे तो कोणी, कशासाठी शोधला असेल हा प्रश्नच त्यांना पडत नाही.