बेळगावहून वंडरला, पहिल्यांदाच (माझा अनुभव)

आमच्यात कुठं जायचं म्हटलं की आधी पुणे की बंगळूर हा वाद होतोच, तसा याही वेळी झाला. ह्यांचं म्हणणं खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जाऊया, चिंचवडात आत्या आहेत, राहायची सोय होते, खोपोली तिथनं जवळ. पोरांचं मात्र वंडरला वंडरला चालू होतं, म्हणजे बंगळूरजवळचं राइड्सचं आणि पाण्यातल्या खेळांचं मोठं पार्क. आणि सासूबाईंचा मुद्दा तिसराच, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, २०२३ च्या जूनपासून शक्ती योजना आहे, पण महाराष्ट्रात जाणाऱ्या बसला ती चालत नाही, मग पुण्याला पैसे देऊन कशाला जायचं? आता बंगळूर इथनं पाचशे किलोमीटर, फुकट असली तरी लाल बसमध्ये रात्रभर बसून कंबर कुणाची राहणार आहे! शेवटी बंगळूर ठरलं पण जायचं रेल्वेनं, आणि सासूबाईंना सांगितलं की शहरातली बस तुम्हाला फुकट आहे की, आधार तेवढं बरोबर ठेवा. त्यावर त्या खूश.

तारीख ठरवताना सगळ्यात जास्त डोकं गेलं. कोल्हापूरच्या नणंदेच्या पोरांना दिवाळीची सुट्टी, आमच्या पोरांना कर्नाटक बोर्ड म्हणून दसऱ्याची, दोन्ही जुळत नाहीत ते नाहीतच, मग त्यांना सोडून आम्हीच जायचं ठरवलं. पण दसऱ्यालाच जाऊन चालत नाही, कारण वंडरला आहे बिडदीजवळ म्हैसूर रोडला, आणि त्या दिवसांत सगळं जग त्याच रस्त्यानं म्हैसूरला निघालेलं असतं. म्हणून दसरा होऊन गेल्यावरचा, सुट्टीच्या शेवटाकडचा मंगळवार धरला. शनिवार-रविवार तर नकोच, माझ्या मते लांबनं येणाऱ्यांनी तो विचारच करू नये, रांगेतच दिवस जातो. राइडची रांग टाळायला फास्टट्रॅकचं वेगळं तिकीट मिळतं पण ते बरंच महाग आहे, मधल्या वारी गेलं तर त्याची गरजच पडत नाही.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, ते उघडल्या उघडल्या जाता-येताचं दोन्ही काढून टाकलं. रात्री बेळगावात बसायचं, सकाळी बंगळूर, दिवसभर पार्क, परत रात्रीची गाडी. हॉटेलचा खर्च वाचला.

आता खरी गोष्ट सांगते. मी आधी राइड्सचे व्हिडिओ बघून यादी करत बसले होते, रिकॉइल, मॅवरिक, हरिकेन असं. जाऊबाई म्हणाल्या, अगं आधी पोरांची उंची तर मोज. ते बरोबरच होतं, कारण तिथं वयापेक्षा उंचीला किंमत. तिकीटसुद्धा उंचीवर, ८५ सेंटीमीटरच्या आतल्या पोराला फुकट, १४० पर्यंत लहान मुलांचं तिकीट, आणि मोठ्या जोराच्या राइड्सना १४० च्या वर लागतं. मग रविवारी कपाटाला पाठ लावून सगळ्यांना उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी, पेन्सिलनं खूण आणि जाऊबाईंचा शिलाईचा टेप. माझी पोरगी १४३. पुतण्या १३८! तो टाचा वर करतोय, आम्ही खाली दाबतोय, मग रडारड. पण घरी रडला ते बरं झालं, तिथं तासभर रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलं असतं तर दिवसाचाच सत्यानाश. त्याला तेव्हाच सांगितलं, तुला पाणी आणि लहान राइड्स, बाबा तुझ्याबरोबर. म्हणजे आमचं प्लॅनिंग राइडच्या यादीनं झालंच नाही, कोण कुणाबरोबर राहणार त्यावर झालं.

दुसरं कपड्यांचं. पाण्यातल्या राइड्सना कॉटन चालत नाही, साडी ओढणी पण नाही, नायलॉनचंच लागतं. तिथं दुकान आहे पण म्हटलं इथनंच घेऊया, तर गणपत गल्ली खडे बाजार सगळं पालथं घातलं, दुकानदार ऑक्टोबरात पोहायचे कपडे म्हटल्यावर वर माळ्यावर चढायला लागला. सासूबाई म्हणाल्या मी काय असलं घालणार नाही, मी बसते बाकावर. बसू दे म्हटलं, सामान बघायला कुणीतरी पाहिजेच. पण त्यांना उंच टॉवरवर बसवलेला स्काय व्हील पाळणा आवडला, तिथं लिफ्टनं वर जायचं, पायऱ्या नाहीत.

सकाळी उतरलो ते स्टेशन क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा, इंग्रजांशी लढलेला माणूस, खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी दिलेला, पोरांना हे तिथंच सांगून टाकलं. मोठ्या बॅगा क्लोकरूममध्ये ठेवल्या, बॅगेला कुलूप नसेल तर तिथं घेत नाहीत हे लक्षात ठेवा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवली, पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही. मग बिडदीकडची बीएमटीसी, म्हणजे बंगळूरची सिटी बस, बायका फुकट, पुरुषांनी तिकीट काढलं, मेनरोडला उतरून आत रिक्षा.

आत गेल्यावर आधी कोरड्या राइड्स करा, पाण्याच्या दुपारनं. एकदा भिजलं की परत कोरडं होऊन कोण बसतंय? रिकॉइल म्हणजे रोलर कोस्टर, त्याला पोरगी आणि ह्यांनी नंबर लावला. ती गाडी आधी उलटी मागं वर ओढत नेतात, सोडतात, गोल फिरून पलीकडच्या चढावर जाते, आणि परत तीच सगळी वाट उलट्या तोंडानं. हे खाली आले ते बराच वेळ बोललेच नाहीत, पोरगी म्हणते परत. बीपीवाल्यांनी आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी असल्या राइडच्या नादाला लागू नये, तिथं बोर्डवर लिहिलेलं असतंय, वाचा. पुतण्या वेव्ह पूलमधून बाहेरच येईना, १३८ चं दुःख तिथं विरघळलं.

परतीला पाचलाच निघा. म्हैसूर रोडचं संध्याकाळचं ट्रॅफिक म्हणजे काय सांगायचं. आम्ही चल्लघट्टा मेट्रो स्टेशनपर्यंत टॅक्सी केली आणि तिथनं पर्पल लाइन मेट्रोनं रेल्वे स्टेशन गाठलं, ट्रॅफिकचा संबंधच आला नाही. आंघोळ पार्कातच उरकून घ्या, शॉवर आहेत. आणि ओल्या कपड्यांना जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, आमची पातळ होती, रात्रभर खालच्या बर्थवर थेंब पडत होते, आणि खाली झोपल्या होत्या सासूबाई.