‘कानोसा’ कमांडची दुरुस्ती: अक्षर नेमके कुठे तोडावे

आमचा मड, म्हणजे अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचा मजकुरी खेळ, इव्हेनिया या पायथॉनमधील तयार सॉफ्टवेअर-चौकटीवर चालतो आणि त्याचे कथानक बेळगावच्या वडगावातील एका विणकराच्या घरात घडते: पुढे दोन खोल्या, मागे माग, वर लाकडी माडी. आजवर ‘कानोसा’ ही कमांड फाशाच्या भरवशावर होती. दान पडले तर पलीकडचे सगळे बोलणे ऐकू यायचे, नाही तर काहीच नाही. दाराला कान लावून उभ्या असलेल्या माणसाच्या हाती मात्र तुटक शब्द लागतात आणि उरलेले तो मनानेच भरून काढतो. खेळणाऱ्यांनाही तेवढेच मिळावे, म्हणून या महिन्यात मी फासा काढून टाकला.

इव्हेनियाच्या जोडसंचात (सोबत मिळणाऱ्या ऐच्छिक कोडमध्ये) कुजबूज अस्पष्ट करणारे तयार फंक्शन आहे. पातळी शून्यापासून एकपर्यंत नेली की आधी स्वर आणि मग व्यंजने पुसली जातात. ते रोमन लिपीवर बेतलेले असल्याने स्वर पुसण्याची पायरी मराठी वाक्याला शिवतही नाही. त्याच धर्तीवर मी एकेक युनिकोड चिन्ह (संगणक व्यंजन, हलन्त, वेलांटी यांची वेगवेगळी नोंद ठेवतो, त्यातले एकेक) पुसून पाहिले, तर ‘लक्ष्मी’ची वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली पडद्यावर आली. या शब्दात चिन्हे सात आहेत, पण अक्षरे दोनच. युनिकोडच्या 15.1 या 2023 मधील आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. मजकुराची अक्षरे पाडणारी माझी कोड-लायब्ररी जुनी असल्याने ती ‘लक्ष्मी’चे चार तुकडे करत होती. शेवटी हलन्तानंतरचे व्यंजन मागच्याला चिकटवणारा छोटा नियम मीच लिहिला.

याहून रंगत आली ती ध्वनींच्या अदलाबदलीत. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे ग आणि क, द आणि त, ब आणि प यांतील फरक पुसट होतो. पहिल्या खेपेस मी सरसकट बदल केला आणि सगळी पात्रे बोबडी झाली. आता बदललेला शब्द शब्दसूचीत असेल तरच तो बदलतो. परवाच्या चाचणीत माडीवर कुणी तरी ‘गडी आत आहे’ असे कुजबुजले. जिन्यातल्या खेळाडूला ‘कडी आत आहे’ ऐकू आले आणि तो बराच वेळ दाराची कडी चाचपत बसला. (तो गडी मीच होतो.)

अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो, हा नियम मोकळ्या जागेचा आहे. घरात भिंतींवरून आवाज परततो, म्हणून मी तो सोडून दारे आणि भिंती मोजल्या. प्रत्येक खोलीला गोंगाटाचा एक आकडा दिला. माग चालू असला की तो इतका वाढतो की कुजबूज बुडते, पण त्याच आकड्याने ऐकणाऱ्याच्या पावलांची चाहूलही झाकली जाते. कौलांवरच्या पावसालाही हाच न्याय लावला आहे.

भाषेची अट मात्र काढावी लागली. मराठी न येणाऱ्या पात्राला कानडीतलेच कळावे, अशी योजना होती. पण आमच्याकडचे खेळाडू एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतात, आणि लपवण्यासाठी कानडीत बोलावे तर दाराबाहेरच्यालाही ती येतेच. कानडी लिपीतली जोडाक्षरे अजून तुटतात. पुढची दुरुस्ती तीच.