आज्जीच्या हनुवटीवरचं गोंदण

लातूरला एका स्टुडिओत मी सहा वर्षं काढली. पासपोर्ट साईज, कॉलेजच्या फॉर्मचे फोटो, आणि लग्नसराई आली की मग झोपेचं नावच नाही, हळद झाली की सीमांतपूजन, ते झालं की अक्षता, मग स्टेजवर आहेर द्यायला लागलेली लाईन आणि आपलं चालूच, "मामा इकडं बघा, काकू जरा पुढं या". हजारो चेहरे काढले असतील. आज त्यातल्या एकाचंही नाव सांगता येत नाही मला.

औसा तालुक्यातल्या एका लग्नात नवरदेवाच्या आज्जीनं मला बाजूला बोलवलं. "लेकरा, माझा एक निवांत फोटो काढ की. मेल्यावर भिंतीला लावायला पोरांकडं काहीच न्हाई." आपल्याकडं हे म्हातारी माणसं अगदी सहज बोलतात. आणि खरंच आहे ते, स्टुडिओत दर आठ-पंधरा दिवसाला कुणीतरी डोळे सुजलेला माणूस आधार कार्ड घेऊन यायचाच, "ह्यातला फोटो मोठा करून द्या, परवा दहावा हाय".

मी दोन मिनिटांत फोटो काढला, रात्री फोटोशॉपला बसलो, सवयीनं सुरकुत्या पुसल्या, चेहरा उजळ केला, हनुवटीवरचं हिरवं गोंदण डागासारखं दिसत होतं ते पण काढून टाकलं. फ्रेम करून पाठवून दिली. सात-आठ महिन्यांनी नातू आला, आज्जी गेली होती. म्हणाला, "दादा, फोटो चांगलाय, पण आज्जी वाटंना. गोंदण कुठं गेलं तिचं?" मी ओरिजिनल फाईल शोधली. हार्डडिस्क भरली म्हणून मीच डिलीट केली होती. तो काही बोलला नाही, "बरं" म्हणून निघून गेला. पोरगा भांडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून माझं काम बदललं, सावकाश बदललं. लग्नं अजून करतो, घर त्याच्यावरच चालतं, पण मधल्या दिवसांत पन्नास एमएमची लेन्स घेऊन गावोगाव फिरतो. फ्लॅश नेत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांना खिडक्या कमी, उजेड येतो तो दारातनंच, मग माणसाला उंबरठ्याच्या हातभर आत बसवायचं, अर्धा चेहरा उजेडात अर्धा अंधारात, अ‍ॅपर्चर दोन-अडीचला, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड बरंच उघडं. एवढंच टेक्निक आहे. बाकी सगळा वेळ बसण्यात जातो. पहिला तासभर कॅमेरा बॅगेतच असतो, चहा होतो, पाऊस-सोयाबीनचं बोलणं होतं, कुणाची पोरगी कुठं दिली ते कळतं, आणि मग माणूस कॅमेऱ्यापुढं "उभं राहणं" सोडून देतो. खांदे खाली येतात, ते खांदे बघूनच मला कळतं.

आणि नाव विचारतो. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो जगभर गाजलेला फोटो, १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला, आई आणि तिला बिलगलेली लेकरं. लँगनं त्या बाईचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये. फोटो थोरच आहे, त्यात वाद नाही, पण हे वाचल्यापासून मला आपल्या ऊसतोडीच्या बायका दिसतात, दिवाळीच्या पुढंमागं लेकरं घेऊन ट्रॅक्टरवर बसून जाणाऱ्या. पेपरात त्यांचे किती फोटो येतात. खाली नाव कधी असतं का?

मागच्या वर्षी किल्लारीच्या बाजूला गेलो होतो, पुनर्वसनातलं गाव. १९९३ चं विसर्जन झालं आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर आली. तिथल्या एका आज्जीला म्हटलं, हातात काय घेऊन बसता? ती आत जाऊन एक पितळी तांब्या घेऊन आली. एका बाजूनं पार आत चेपलेला. ढिगाऱ्यातनं निघालेली घरातली तेवढीच वस्तू. चेपलेली बाजू तिनं स्वतःच माझ्याकडं केली आणि त्यावर अंगठा फिरवत बसली, कॅमेऱ्याकडं बघितलंच नाही. तोच फोटो घेतला. सुरकुत्या, गोंदण, नखातली माती, काहीही हलवलं नाही.

पंधरा दिवसांनी प्रिंट द्यायला गेलो. तिनं फोटो बघितला, पदरानं पुसला आणि उलटा करून माझ्याकडं दिला. "मागनं लिही," म्हणाली, "त्यांचा एकाचा बी फोटो न्हाई माझ्याकडं." आणि नावं सांगायला लागली. नवऱ्याचं, दोन लेकांचं, सुनेचं. चौथ्या नावाला बॉलपेन चालेना म्हणून शेजारच्या पोराकडनं मार्कर आणला, तिथनं पुढं अजून तीन नावं होती.